विश्लेषण : स्टुडिओ चालला नाही, छापखाना सुटला, दृष्टी अधू झाली, तरी दादासाहेब फाळके यांनी पहिला चित्रपट काढला तो कसा?

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि दादासाहेब फाळके हे नाव इतिहासात गेले. तेव्हा त्यांचे वय ४३ होते. आपल्याला माहीत असलेली गोष्ट साधारण इथूनच सुरू होते. त्याआधीची २५ वर्षे एका ओळीत संपवली जातात : चित्रकार, फोटोग्राफर, जादूगार, छापखानेवाले. ही यादी वाचली की माणूस धरसोड करणारा वाटतो. एक धंदा जमला नाही, म्हणून दुसरा. दुसरा बुडाला, म्हणून तिसरा.

पण १९१२ साली चित्रपट तयार करायला काय काय यावे लागत होते, याची दुसरी यादी पहिलीच्या शेजारी ठेवून पाहिली, तर हीच गोष्ट वेगळी दिसू लागते.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा…

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. घराणे पौरोहित्याचे, वडील संस्कृतचे विद्वान. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथला चित्रकलेचा अभ्यासक्रम आटोपून ते थोरल्या भावाकडे बडोद्याला गेले.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले होते. आजच्या भाषेत सांगायचे, तर आर्ट स्कूल आणि पॉलिटेक्निक एकाच आवारात. फाळके यांनी तिथे चित्रकला शिकली, मूर्तिकाम आणि वास्तुकलेचे धडे घेतले, फोटोग्राफी सुरू केली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली, तिला सुवर्णपदक मिळाले. विद्यार्थ्याचा हात आणि डोके दोन्ही चालते, हे गज्जरांनी हेरले. त्यांनी फाळके यांना तीन रंगांचे ब्लॉक करण्याचे काम शिकायला रतलामला पाठवले.

हे काम नेमके काय असते, ते समजून घ्यायला हवे. एकाच चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून तीन फोटो घ्यायचे, प्रत्येकाचा वेगळा ब्लॉक करायचा आणि मग तिन्ही एकावर एक असे छापायचे, की एकही रेघ सरकता कामा नये. केसाएवढी चूक झाली, तरी चित्रातला चेहरा भुतासारखा दिसतो. रसायनांची मात्रा, अंधाऱ्या खोलीतले काम, मोजून दिलेला प्रकाश या सगळ्याची सवय त्यांना तिथे लागली.

गोध्रा आणि बडोद्यात काय बिघडले?

१८९५ च्या सुमारास फाळके यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. गाव लहान असले, तरी सुरुवात बरी होती. मग प्लेगची साथ आली आणि पत्नी व मूल दोघेही दगावले. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले.

बडोद्यात पुन्हा फोटोग्राफीचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक येईना. फोटो काढला की माणसाचे आयुष्य कमी होते, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी समजूत त्या काळी पसरलेली होती. ज्याच्या घरातली माणसे साथीत गेली, त्याच्याच धंद्यावर असा बोल यावा, हा योगायोग क्रूर म्हणावा असा आहे.

फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्या निमित्ताने रंगमंचावर प्रकाश कसा पडतो, वेशभूषा लांबून कशी दिसते, नट हालचाल कशी करतात, हे त्यांना जवळून बघायला मिळाले. त्याच सुमारास बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. फाळके या आडनावातली अक्षरे उलट क्रमाने लावली की केल्फा होते. विनोदाचा भाग सोडला, तर प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची आणि त्या क्षणी दुसरीकडे काय करून घ्यायचे, हे त्यांनी या प्रयोगांत शिकून घेतले. पुढे त्यांच्या चित्रपटांतल्या चमत्कारदृश्यांचा पाया हाच होता.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. हे नाव लक्षात ठेवावे, पुढच्या गोष्टीत ते वारंवार येणार आहे.

छापखाना का सोडला?

१९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची आणि फोटोग्राफीची नोकरी लागली. पगार नियमित, काम आवडीचे. तरीही वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचे काम सुरू केले. जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता. त्याच्यासाठी ते फोटोलिथोचे काम करून देत. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती अशी घराघरांत पोहोचलेली चित्रे छापून देण्याचा हा धंदा. पौराणिक कथेला डोळ्यांना दिसणारे रूप दिले, की सामान्य माणूस ते विकत घेऊन भिंतीवर लावतो, याचा अनुभव त्यांना इथे आला.

पुढे हा व्यवसाय दादरला हलला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालू लागला. १९०९ मध्ये फाळके यंत्रे आणायला जर्मनीला गेले. छपाईचा दर्जा नावाजला गेला. मग भागीदारांशी बिनसले. कारभार कसा चालवायचा यावरून मतभेद विकोपाला गेले आणि ज्या छापखान्यासाठी रात्रीचा दिवस केला, त्यातून फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, घरात मुले आणि उत्पन्न शून्य. भागीदारीतला हा पहिला मोठा तडाखा होता, शेवटचा नव्हे.

सिनेमा कुठून आला?

मुंबईला सिनेमा नवा नव्हता. ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये झाला होता. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ च्या सुमारास मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. परदेशी चित्रपट तंबूंत आणि थिएटरांत नेमाने लागत.

१९१०-११ च्या सुमारास फाळके यांनी गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. नंतर १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत त्यांनी हा अनुभव स्वतःच सांगितला आहे.

असा झटका अनेकांना येतो आणि आठवड्याभरात ओसरतो. फाळके यांनी त्या झटक्याचे वेळापत्रक केले. महिनोन् महिने ते रोज चार-पाच तास थिएटरात बसून चित्रपट पाहत. करमणूक म्हणून नव्हे, तर दृश्य कुठे तुटते, प्रकाश कुठून आला, हे टिपत. उरलेला वेळ सिनेमाविषयीची माहितीपत्रके आणि पुस्तके मागवून वाचण्यात, खेळण्यातल्या प्रोजेक्टरसारख्या साधनावर प्रयोग करण्यात जाई. झोप जेमतेम तीन तास. परिणाम व्हायचा तोच झाला. दृष्टी इतकी अधू झाली, की जवळपास दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी ती परत आली. चिकाटीच्या कथांत हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. पण अंधारात डोळे गमावणे ही शिस्त नव्हे, अतिरेक होता. फाळके यांच्या स्वभावात दोन्ही होते आणि दोन्ही शेवटपर्यंत राहिले.

लंडनच्या दोन आठवड्यांत काय मिळाले?

कॅमेरा आणायचा आणि काम प्रत्यक्ष पाहायचे, तर लंडनला जाणे भाग होते. फाळके यांनी १२ हजार रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून १० हजार उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीने निघाले. नातेवाईक आणि मित्र विरोधात होते. सरस्वतीबाई नव्हत्या.

लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. ‘बायोस्कोप’ हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत, म्हणून थेट त्याच्या कार्यालयात गेले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त केले. हिंदुस्थानच्या हवेत हे काम जमायचे नाही, असे त्यांचे मत होते. पण समोरचा माणूस हौशी नाही, त्याला रसायने आणि भिंगे कळतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी फाळके यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. वॉल्टनचा हेपवर्थ स्टुडिओ त्या वेळी इंग्लंडमधल्या नावाजलेल्या स्टुडिओंपैकी एक होता. तिथे फाळके यांना चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतचे सगळे खाते पाहू दिले गेले.

मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. एवढ्यात कोणी चित्रपट बनवायला शिकते का? कोरी पाटी असती, तर नसते शिकले. पण फोटोग्राफी, अंधारी खोली, रंगमंच, वेशभूषा, पडदे, जादू हे सगळे आधीच हातात होते. हलते चित्र हा एवढाच भाग नवीन होता. ज्या धंद्यांत पैसे बुडाले, त्या प्रत्येकाने एकेक विषय शिकवून ठेवला होता.

विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेऊन, कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडायचे यंत्र मागवून फाळके एप्रिलमध्ये परतले.

वाटाण्याचे रोप कशासाठी?

यंत्रे आली, पण चित्रपटासाठी लागणारे भांडवल नव्हते. सावकार ‘हलत्या चित्रा’वर पैसे कशाला देईल? मग फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवला. सुमारे महिनाभर ठरावीक वेळाने थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर लावले, तेव्हा बी फुटले, कोंब वर आला आणि वेल बघता बघता चढला. आज मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचे बटण असते. १९१२ साली दादरमधल्या घरात ही जादू होती. ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट यशवंतराव नाडकर्णी आणि इतर काही मंडळींना दाखवला गेला आणि कर्ज मिळाले. इंजिनीअर ज्याला प्रोटोटाइप म्हणतात, तो हाच. खर्च एका वाटाण्याचा.

कर्ज पुरेसे नव्हते. सरस्वतीबाईंनी दागिने पुढे केले.

साडेचार लाख छिद्रे…

दादर मेन रोडवरच्या मथुरा भवनात काम सुरू झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. त्या काळी कच्ची फिल्म कडांना छिद्रे न पाडता येई. कॅमेऱ्यातले दातेरी चाक फिल्म पुढे ओढते ते या छिद्रांत अडकून, त्यामुळे ती आधी पाडून घ्यावी लागत. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. हिशेब केला, तर ३,७०० फुटांना ४ लाख ७३ हजार ६०० छिद्रे. ही केवळ एका तयार प्रतीची गोष्ट; निगेटिव्ह आणि वाया गेलेली फिल्म वेगळीच. एक छिद्र सरकले, तर पडद्यावर चित्र थरथरते.

हे काम अंधारात करायचे असते आणि ते सरस्वतीबाई करत. दिवसा चित्रीकरण, ६०-७० माणसांचा स्वयंपाक, ऊन परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे. रात्री फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे. श्रेयनामावलीची पद्धत तेव्हा आजच्यासारखी नव्हती. असती, तर त्यांचे नाव किमान तीन ठिकाणी आले असते. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांची यादी करायची झाली, तर ती या बाईंपासूनच करावी लागेल.

नट मिळवणे हे वेगळेच दुखणे होते. सिनेमात काम करणे म्हणजे अब्रू घालवणे असे मानत, म्हणून नटांना सांगितले गेले, की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. तारामतीसाठी एकही स्त्री तयार होईना. ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवले होते, अशा वस्त्यांतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. तिथे त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळके यांनी १५ देऊ केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनी कॅमेरा चालवायला शिकवले. वांगणीला बाहेरचे चित्रण होते, तेव्हा तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचे वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

सहा महिने २७ दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून तो कोरोनेशनमध्ये लोकांना दाखवला गेला.

पहिला चित्रपट कोणता, यावर वाद आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळपास वर्षभर आधी, कोरोनेशनमध्येच लागला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता आणि फिल्म लंडनला धुऊन आली होती. ‘राजा हरिश्चंद्र’चे सगळे काम इथे झाले. तोरणे यांचे श्रेय त्यामुळे पुसले जात नाही. मात्र चित्रपट काढणे आणि चित्रपट काढण्याची विद्या देशात आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फाळके यांचा मान दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

मग चुकले कुठे?

फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या, तारामतीला पुरुष उभा करावा लागला होता, त्याला वर्षही उलटले नव्हते. ‘सत्यवान सावित्री’ही चालला. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. कौतुक झाले, तिथेच काम करण्याचा प्रस्तावही आला. तो नाकारून ते परतले, तोवर महायुद्ध पेटले होते. भांडवलदारांनी हात आखडले. पुढची अडीच-तीन वर्षे कर्ज, मिनतवाऱ्या आणि छोटे लघुपट यांत गेली.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने हे दिवस पालटले. साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ होत आणि मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगितले जाते.

१ जानेवारी १९१८ रोजी भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केलेला ‘कालियामर्दन’ हे तिथले गाजलेले चित्रपट. आणि मग लक्ष्मी आर्ट प्रिंटिंगची पुनरावृत्ती झाली. भागीदारांना खर्चाला लगाम आणि चित्रपट लवकर हवे होते, फाळके यांना मनासारखे काम. ते सगळे सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. रंगमंचावर त्याला यश आले नाही. १९२२ मध्ये ते त्याच कंपनीत परतले, पण या वेळी मालकीच्या तोऱ्यात नव्हे.

इथे त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट स्पष्ट दिसते. तंत्रातल्या प्रत्येक अपयशातून ते शिकले. फिल्म बिघडली, तर का बिघडली हे शोधून काढले. बायका मिळाल्या नाहीत, तर पर्याय काढला. पैसे मिळाले नाहीत, तर वाटाणा पेरला. माणसांबरोबरच्या आणि पैशाच्या व्यवहारातल्या अपयशातून मात्र शिकले नाहीत. छापखान्यात १९११ च्या सुमारास झालेली चूक दहा वर्षांच्या आत तशीच्या तशी पुन्हा घडली. दोष सगळा त्यांचा होता असे नाही. जोखीम पत्करायला एक आणि हिशेब विचारायला पाच, ही रचना कोणालाही जड जाते. पण दोनदा तोच घाव बसला, हे खरे.

बोलपट आला, तेव्हा…

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपट एका झटक्यात जुने झाले. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार होत होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कंपनीही फार काळ तगली नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. खर्च सुमारे अडीच लाख रुपये, प्रदर्शन १९३७ मध्ये. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते आणि हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १९ वर्षांच्या मूकपटाच्या काळात ९५ चित्रपट आणि २७ लघुपट, अशी त्यांच्या कामाची सर्वसाधारणपणे दिली जाणारी मोजणी आहे. तरीही अखेरची वर्षे ओढग्रस्तीची गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार २५ वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला. पहिल्या मानकरी देविका राणी.

‘राजा हरिश्चंद्र’च्या मूळ प्रती नष्ट झाल्याने फाळके यांनी तो १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच काळातला ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाचा तुकडाही शिल्लक आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात : नटांना उभे कसे राहायचे ते दाखवताना आणि मग टेबलाशी बसून फिल्म हातात धरून जोडताना.